भामाताई कंडक्टर, बी.ए. भूगोल

भामाताईंनी मला तीन वर्षांत एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. पहिल्याच दिवशी मी वर्गात हजेरी घेत असताना शेवटच्या बाकावरून खाकी गणवेशातल्या एक बाई उठल्या आणि त्यांनी माझीच हजेरी घेतली.

"सर, तुम्ही कुठले?"

"जालन्याचा."

"जालन्यात कुठं उतरता?"

"मस्तगडला."

"बराबर," असं म्हणून त्या खाली बसल्या. त्या दिवसापासून मी मस्तगड सर झालो. महिनाभरात सगळा वर्ग मला तेच म्हणू लागला, आणि एकदा प्राचार्यांच्या तोंडूनही तेच निघालं.

आमचं कॉलेज मंठ्याला, आणि भामाताई मंठा-जालना गाडीवर कंडक्टर होत्या. वय बेचाळीस, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी जास्त. माणसाला नाव असतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. माणसाला फक्त स्टॉप असतो. गणेश नावाचा एक उंचेला मुलगा होता, तो 'वाटूर फाटा'. खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून शिकणारी रुखसाना 'तीर्थपुरी'. "ए वाटूर फाटा, खिडकी लाव!" असं त्या ओरडल्या की गणेश निमूटपणे खिडकी लावायचा. मी ओरडलो तर त्याला ऐकू येत नसे.

अंतराचंही तसंच. किलोमीटर त्यांना मान्य नव्हता. एसटीच्या तिकिटाचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणून जगातलं प्रत्येक अंतर सहाने भागायचं. मी फळ्यावर पृथ्वीचा परीघ लिहिला की मागून पुटपुट सुरू व्हायची आणि मग आवाज यायचा, "सर, साडेसहा हजारांच्या वर टप्पे झाले. ड्रायव्हर बदलावा लागंल." मी कर्कवृत्त शिकवलं तर प्रश्न आला, "हे कुठल्या स्टँडवर लागतं?" मोसमी वाऱ्यांवर मी चाळीस मिनिटं बोललो, तेव्हा त्यांनी त्याचा सारांश सांगितला, "म्हंजे सुटतात टायमावर, पोचायचं काई खरं न्हाई." पोरं हसली. मीही हसलो. पण उत्तरपत्रिकेत त्यांनी तोच मुद्दा कारणांसह लिहिला होता, आणि वर्गात सगळ्यात जास्त गुण त्यांनाच द्यावे लागले.

ड्यूटी बदलून, सहकाऱ्यांच्या विनवण्या करून, कधी खाकीतच, त्या तासाला यायच्या. बी.ए. कशासाठी, असं मी एकदा विचारलं. बढतीचं काहीतरी सांगतील असं मला वाटलं होतं.

"गाडी जिथवर जाती तिथवरचं म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "तिच्या पुढं काय हाय, ते बघायचंय."

मला मात्र त्यांची भीती वाटायची, हे कबूल करायला हवं. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. दर जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही, ही धाकधूक. वर्गात गडबड झाली तर माझं नाव खराब, निकाल घसरला तरी माझंच. आणि शेवटच्या बाकावर ही बाई अशी बसायची, की जणू बसमध्ये तिकीट न काढलेला प्रवासी मीच आहे.

तिसऱ्या वर्षाला गावाचं सर्वेक्षण असतं. विद्यार्थ्यांनी एका गावात जायचं, मोजमाप करून गावाचा आराखडा काढायचा, घरोघरी प्रश्नावली भरायची आणि अहवाल विद्यापीठाच्या परीक्षकापुढे ठेवायचा. अहवालाशिवाय पदवी नाही. विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, "महिनाअखेरीच्या आत झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही." एवढं बोलून ते चहा प्यायला लागले. मला काही चहा विचारला नाही.

मी जांभळखेडा निवडलं. जालना रस्त्यावरच्या फाट्यापासून तीन किलोमीटर आत, लहान, एका दिवसात होण्यासारखं. वर्गात नाव सांगितलं. तास संपल्यावर भामाताई दाराशी थांबल्या.

"सर, दुसरं गाव घ्या."

"का?"

"तिथलं पाणी जड हाय. पोरं बिमार पडतील."

"आपण पाणी सोबत नेऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की तिथं कुत्री फार आहेत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तिथल्या लोकायला प्रश्न इचारलेले आवडत न्हाईत." कारणं रोज बदलतात, म्हणजे कारण काहीच नाही, असा निष्कर्ष मी काढला. विभागप्रमुखांची सही झाली होती. सही झालेला कागद घेऊन परत त्यांच्या दारात जाण्याची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, "ताई, आता गाव बदलणार नाही."

"बराबर," त्या म्हणाल्या. पण त्यांचा हा 'बराबर' नेहमीसारखा नव्हता.

मी त्यांच्याच गाडीने जालन्याहून येत-जात असे. प्रत्येक स्टॉप आला की त्या खणखणीत आवाजात नाव पुकारायच्या, झोपलेल्याला हलवून उतरवायच्या. जांभळखेडा फाट्याला मात्र त्या नुसती घंटी द्यायच्या. नाव घ्यायच्या नाहीत आणि दाराकडे पाहायच्या नाहीत. हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. त्याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही चौदा जण टेम्पोने गावात पोचलो. भामाताईंना दुपारी चारची ड्यूटी होती, म्हणून त्या खाकीतच आल्या होत्या. गळ्यात शिट्टी, हातात फळीला चिमटलेल्या प्रश्नावल्या. आल्या आल्या त्यांनी रुखसानाची ओढणी मागून घेतली, डोक्यावरून गच्च बांधली आणि म्हणाल्या, "मी पल्याडच्या वस्तीवरची घरं घेते. मधलं गाव पोरायला द्या." मी उत्तर द्यायच्या आत त्या निघूनही गेल्या.

मी गणेश आणि आणखी दोघांना घेऊन चावडीपुढच्या मोकळ्या जागेत प्लेन टेबल मांडलं. प्लेन टेबल म्हणजे तीन पायांवरचा लाकडी फलक. त्यावर कागद ताणायचा, समोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दांडे रोवायचे, त्यांच्याकडे बघून रेघा मारायच्या. अर्धा तास सगळं नीट चाललं. मग दोन म्हातारे येऊन उभे राहिले. मग एक मोटारसायकल आली आणि दांड्यापुढे आडवी लागली.

तिच्यावरून उतरलेल्या तरुणाचं नाव बबन, हे पुढे कळलं. त्याने विचारलं, "मोजणी कशाची करून राह्यले?"

मी सांगितलं, "कॉलेजचं सर्वेक्षण आहे. अभ्यास."

"मागच्या पंधरवड्यात बी दोघं आल्ते. तेबी अभ्यासच म्हणले. मंग वावरात दगड रोवून गेले." तो मागे वळून ओरडला, "अरे या रे, रस्तेवाले परत आले!"

गावावरून मोठा रस्ता जाणार, जमिनी जाणार, अशी त्या भागात हवा होती. ती मलाही माहीत होती. लाल-पांढरे दांडे घेऊन अशा गावात जाऊ नये, एवढं माझ्या भूगोलात बसायला हवं होतं. पाच मिनिटांत पंचवीस-तीस माणसं जमली. मी खिशातून कॉलेजचं पत्र काढलं. एकाने ते वाचलं, दुसऱ्याने ओढून घेतलं. "शिक्का तं मोजणीवाल्यायकडं बी असतो," तो म्हणाला. एक दांडा कुणीतरी उपटला आणि गुडघ्यावर मोडला. त्याचा आवाज फार मोठा वाटला मला. रुखसाना भिंतीजवळ उभी राहून फोनवर कुणाला तरी बोलावत होती. तिच्या हातून फोन काढून घेतला गेला. "शूटिंग काढती का?" गणेश मध्ये पडला, तर बबनने त्याची कॉलर धरली.

 ही सगळी मुलं माझ्या भरवशावर आली होती. त्यांच्या आईबापांचे चेहरे डोळ्यांपुढून जायला लागले. आणि लाज वाटते सांगायला, त्या मोडलेल्या दांड्याची भरपाई कोण देणार, हाही विचार त्यातच येऊन गेला.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

गाडी मागे घेताना कंडक्टर वाजवतात तशी, लांब आणि कर्कश. सगळी गर्दी वळली. भामाताई वस्तीकडून जवळजवळ पळत येत होत्या. डोक्यावरची ओढणी सुटून खांद्यावर आली होती.

"मागं सरका! मागं जागा हाय!" त्या ओरडल्या, आणि खरं सांगतो, दहा-बारा माणसं सवयीने मागे सरकली. "बबन, पोराची कॉलर सोड. दर मंगळवारी दारात लटकून येतोस, कधी हात लावला का मी तुला?"

बबनने हात सैल केला, पण सोडला नाही. "तुम्ही कंडक्टर. तुमचं इथं काय काम?"

"मी बीएला हाय. हे माझे सर. ही माझ्या वर्गातली पोरं."

"ह्या वयात? कायबी सांगू नका. तुमाला बी रस्तेवाल्यांनी पाठवलं असंल. पुरावा काय?"

  भामाताईंनी ओढणी परत डोक्यावर घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी ह्या गावात खोटं बोलाया येईन का? तुला म्हाईत न्हाई, तू ल्हान होतास. मी किसनरावांची सून हाय."

गर्दीतली एक म्हातारी पुढे आली, भामाताईंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "आगं बया. भामा."

कुजबुज सुरू झाली. बबनला हे नवीन होतं, पण तो हट्टाला पेटला होता. "मंग चला किसनआबाकडं. ते म्हणले हाव, तं सोडतो. न्हाई म्हणले, तं पोलीस येऊस्तोर कुणी हलायचं न्हाई."

आम्ही निघालो. पुढे बबन, मध्ये आम्ही, मागे सगळं गाव. चालता चालता भामाताई माझ्या बाजूला आल्या आणि समोर बघतच बोलल्या. लग्नाला चार वर्षं झाली आणि नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी कंडक्टरची नोकरी लागली. सासरे म्हणाले, आमच्या घरची सून खाकी घालून लोकायची तिकिटं फाडणार न्हाई. खाकी घालायची तर उंबऱ्याच्या बाहेर घालायची.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. पिशवी घेतली अन् फाट्यापस्तोर चालत गेले. अर्धा टप्पा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाली. सासूबाई गेल्या तवा बी कुणी कळवलं न्हाई. सर, ते न्हाई म्हणतील. तुम्ही पोरायला एका जागी धरून ठेवा."

किसनराव घरापुढच्या ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातला, वाळलेला, ताठ म्हातारा. अंगात स्वच्छ बंडी, पण तिचं एक बटण वरच्या काजात गेलेलं. एकटं राहणाऱ्या माणसाला ते सांगणारं कुणी नसतं. आत दुसरं कुणी असल्याची काही चाहूल नव्हती.

बबनने मोठ्याने विचारलं, "आबा, हिला वळखता का? तुमची सून म्हणती. हे लोक रस्त्याचे न्हाईत म्हणती."

म्हाताऱ्याने आधी भामाताईंच्या बुटांकडे पाहिलं. मग खाकी पँट, शर्ट, गळ्यातली शिट्टी, आणि शेवटी तोंड. भामाताईंनी मान खाली घातली नव्हती.  गणेशच्या कॉलरवर अजून बबनचा हात होता. 

"पोरायला सोड," किसनराव म्हणाले.

"पण आबा, ही..."

"सोड म्हणलं ना. ही खोटं बोलत न्हाई. तवा खाकीवरून खोटं बोलली असती तं हितंच राह्यली असती."

बबनने हात काढला. रुखसानाचा फोन परत आला. मोडलेल्या दांड्याचे दोन तुकडे कुणीतरी माझ्या हातात आणून ठेवले, आणि ज्याने मोडला होता त्याने "दोरीनं बांधला की बसतो," असा सल्लाही दिला. माणसं हळूहळू पांगली. मी मुलांना टेम्पोकडे पाठवलं. भामाताईही वळल्या.

"थांबा मास्तर," म्हातारा मला म्हणाला. "लोकायचे कागद भरून राह्यले म्हणं. माझा कामून न्हाई?"

मी भामाताईंकडे पाहिलं. त्यांनी फळीवरचा कोरा कागद वर घेतला, पेनचं टोपण काढलं आणि ओट्यापासून चार हात दूर उभ्या राहून मला म्हणाल्या, "सर, इचारा त्यायला, पूर्ण नाव काय."

मी विचारलं. ते त्यांनी सांगितलं, मला. भामाताईंनी लिहिलं. पुढचे सगळे प्रश्न असेच गेले. दोघं सहा फुटांवर, आणि मधे मी. शेती किती, विहीर आहे का, जनावरं किती. सून मला विचारायची, सासरा मला सांगायचा. जनावरं एक गाय, ती पण आता आटलेली.

"इचारा, घरात माणसं किती."

"सांगा तिला, एक."

 भामाताईंनी एक लिहिलं.

"इचारा, घरात कुणी कॉलेजात शिकून राह्यलंय का." हे त्यांनी सवयीने विचारलं असावं. एकट्या म्हाताऱ्याच्या घरी हा प्रश्न सोडून देता आला असता, पण रिकामा रकाना त्यांना सहन होत नसे.

"हाय," किसनराव म्हणाले.

मी गोंधळलो. "कोण?"

"सून. बीएला हाय. तिसऱ्या वर्षाला. भूगोल घेतलाय." म्हातारा रस्त्याकडे बघत बोलत होता. "फाट्यावरून येणारं-जाणारं माणूस सांगतं. पयल्या वर्षाला वर्गात पयली आल्ती. दुसऱ्याचं काय झालं ते कळलं न्हाई."

दुसऱ्या वर्षालाही त्याच पहिल्या आल्या होत्या. मी ते सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली, जणू ते त्याच्या हिशोबातच होतं.

भामाताई कागदाकडे बघत होत्या.  मग त्यांचा आवाज आला, पण तो बसमधला नव्हता, वर्गातलाही नव्हता.

"सर, हे न्हाई लिहिता येत. वर सूचना हाय. एका चुलीवर जेवणारी माणसं, तेवढंच कुटुंब धरायचं."

"काय म्हंती ती?" किसनरावांनी मला विचारलं.

मी सांगितलं. सूचना मीच लिहिली होती, आणि त्या वेळी ती मला फार वाईट लिहिलेली वाटली.

म्हाताऱ्याने बंडीच्या बटणाशी चाळा केला. चुकीच्या काजातलं बटण त्याच्या हाताला आत्ताच लागलं असावं. ते सोडवण्याचा त्याने प्रयत्न केला, जमलं नाही, तसंच ठेवलं.

"मंग जेवून जा म्हणावं," तो म्हणाला.

 ते भामाताईंना ऐकू गेलंच होतं, निरोप द्यायची गरज नव्हती. भामाताईंनी फळी माझ्या हातात दिली, वर पेन ठेवलं. उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यांना बराच वेळ लागला, कारण गाठ आवळली गेली होती आणि डोळे पुसायला एक हात लागत होता. मग वाकून त्या आत गेल्या.

मी कागदावर पाहिलं. तो रकाना मीच भरला. एक, असं लिहिलं, आणि पुढे भूगोल.

आतून डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले. एक, दुसरं, तिसरं. मग भामाताईंनी विचारलं, आणि या वेळी मला नाही विचारलं.

"मामा, पीठ कुठं ठेवलंय?"

किसनराव भिंतीला हात लावून उठले. "थांब," ते म्हणाले, "दावतो."